तुम्ही विचारलेत म्हणून : घरबसल्या भाषण शिकता येते का?

मंडळाच्या गणेशोत्सवात सूत्रसंचालन आटोपून मी रंगमंचावरून खाली उतरले की कोणीतरी मला हमखास गाठते आणि तोच प्रश्न विचारते : "तुम्ही तो भाषणाचा कोर्स ऑनलाइन केलात ना? लॅपटॉपसमोर उभं राहून भाषण शिकता येतं का हो?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांची मुले येथे कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे विद्यापीठात जाण्याआधीच्या दोन वर्षांच्या कॉलेजात, असतात आणि ऑनलाइन घेतला तर हा विषय सोपा जातो का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. उरलेल्यांच्या प्रश्नात थोडा मिश्कीलपणा असतो, कारण शाळेत वक्तृत्वाची ढीगभर बक्षिसे मिळवलेल्या बाईला चाळिशी उलटल्यावर हा उद्योग कशाला सुचला, हे त्यांना कळत नाही. आजवर मी "येतं की" एवढे म्हणून चहाच्या टेबलाकडे वळत आले. आता एकदाच सविस्तर सांगते.

आधी मुलांच्या आईवडिलांसाठी. हा विषय टाळता येत नाही. कॅल स्टेट म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत जायचे तर मौखिक संवाद, म्हणजे हाच भाषणाचा विषय, हा लेखन, तर्कविचार आणि गणित यांच्या बरोबरीने सक्तीचा आहे, आणि 2025 पासून कॅल स्टेट व यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) या दोन्हींसाठी जो एकच आराखडा लागू झाला त्यातही तो आहे. ऑनलाइन घेतल्याने तो सोपा होतो असे मला वाटत नाही. आमच्या अभ्यासक्रमात चार भाषणे होती आणि प्रत्येक भाषण समोर बसलेल्या किमान पाच प्रौढ माणसांपुढे करून, सुरुवातीला कॅमेरा त्यांच्यावरून फिरवून, कोठेही न कापता चित्रित करून पाठवायचे होते. कॉलेजच्या वर्गात श्रोते आयते मिळतात. मला ते बटाटेवड्यांच्या मोबदल्यात जमवावे लागत, आणि शनिवारी दुपारी फ्रीमाँटमध्ये पाच मोठी माणसे एका सोफ्यावर आणून बसवणे म्हणजे काय, हे ज्यांनी करून पाहिलेले नाही त्यांनी 'घरबसल्या' हा शब्द माझ्यासमोर वापरू नये.

मी ऑनलाइन का घेतला, याचे कारण मी सगळ्यांना 'मुलाच्या शाळेच्या वेळा' असे सांगितले होते. ते अर्धे कारण होते. उरलेले अर्धे असे की एकोणीस वर्षांच्या तीस मुलांसमोर उभे राहून माझ्या तोंडचे 'व्हेरी' आणि 'वेल' त्यांना ऐकवायची मला लाज वाटत होती. गंमत म्हणजे ही लाज आणि पराकोटीचा अहंकार माझ्यात सुखाने एकत्र नांदत होते. मी मूळची फलटणची. माझे वडील मुधोजी महाविद्यालयात प्राचार्य शिवाजीराव भोसले यांचे विद्यार्थी होते, आणि हातात कागद न घेता बोलणाऱ्या त्या माणसाची व्याख्याने ऐकून आमच्या घरात 'वक्ता दशसहस्रेषु' हे वचन रामरक्षेइतके पाठ झालेले होते. दहा हजारांत एक असतो तो वक्ता, आणि आमच्या आळीतली ती एक म्हणजे मी, असे मला तेराव्या वर्षापासून वाटत आले होते. पहिल्या आठवड्यात कॉलेजने आमच्याकडून जेम्स मॅक्रॉस्की यांची संवादभीती मोजणारी चोवीस विधानांची प्रश्नावली भरून घेतली. तिचे गुण 24 ते 120 यांच्या दरम्यान येतात. 51 च्या खाली असलात तर भीती कमी, 80 च्या वर गेलात तर जास्त. माझे 46 आले. मी तो आकडा नवऱ्याला मुद्दाम दाखवला.

आता त्या तिसऱ्या भाषणाबद्दल. तुमच्या प्रश्नाचे काही उत्तर माझ्याकडे असेल तर ते तेथेच आहे.

तिसरे भाषण श्रोत्यांचे मन वळवण्याचे होते. पर्ड्यू विद्यापीठातील ॲलन मनरो यांनी 1930 च्या दशकात मांडलेली पाच पायऱ्यांची रचना त्यासाठी वापरायची होती : लक्ष वेधा, गरज दाखवा, उपाय सांगा, चित्र उभे करा, कृतीला बोलवा. मी भूकंपाची पूर्वतयारी हा विषय घेतला. हेवर्ड भ्रंश, म्हणजे जमिनीच्या पोटातली भेग, आमच्या फ्रीमाँटच्या खालून जातो, 1868 च्या ऑक्टोबरात त्यावर मोठा भूकंप झालेला आहे, आणि दर माणशी रोज एक गॅलन या हिशेबाने निदान तीन दिवसांचे पाणी घरात साठवलेले असावे असे येथे सगळीकडे सांगतात. मी भाषण लिहिले, सात मिनिटांत बसवले आणि लहानपणी करत असे तसेच, स्वल्पविरामासकट पाठ केले. येथे कबूल केले पाहिजे की पाठ केलेले भाषण चालणार नाही, मुद्द्यांच्या छोट्या टिपणावरून बोलायचे, हे सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेले होते. मी ते वाचले होते, आणि ज्यांना पाठ होत नाही त्यांच्यासाठी ही सवलत असावी अशी स्वतःची समजूत करून घेतली होती.

नजर इकडेतिकडे जाऊ नये म्हणून मी एक युक्ती केली. लॅपटॉप स्टुलावर ठेवला, त्याच्या कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी एक लाल टिकली चिकटवली, आणि सात मिनिटे त्या टिकलीवरून डोळे हलवले नाहीत. स्टुलाच्या मागे सोफ्यावर नवरा, दोन शेजारी, मंडळातील एक मैत्रीण आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई बसल्या होत्या. एकही शब्द अडखळला नाही. टाळ्या झाल्या, वडे झाले, आणि बशा उचलताना सासूबाई सहज म्हणाल्या, "सगळं छान झालं, पण तू आमच्याकडे एकदासुद्धा बघितलं नाहीस. मग आम्हाला बसवलं कशाला होतंस?" त्यांना इंग्रजी येत नाही, तेव्हा त्यांच्या अभिप्रायाला काय महत्त्व द्यायचे, असे माझ्या मनात आले. हे लिहितानाही मला बरे वाटत नाही.

चार दिवसांनी प्राध्यापिकेचा मेल आला. माझी नजर सातही मिनिटे एका जागी खिळलेली आहे आणि भाषेत बोलण्याचे कोणतेच खडबडीतपण नाही, त्यामुळे मी पडद्यावरील मजकूर वाचला असावा अशी शंका येते. गुण तूर्तास शून्य. झूमवर भेटून बोलावे. तो मेल वाचल्यावर मी पहिले दोन तास नुसती घरभर फिरत होते. मी वाचले नव्हते! पाठांतराची परंपरा ज्यांना ठाऊक नाही त्यांना अस्खलितपणा म्हणजे लबाडी वाटते, असे एक तावातावाचे उत्तर मी लिहून काढले आणि सुदैवाने पाठवले नाही. त्यांची शंका चुकीची होती, हे माझे आजही म्हणणे आहे. केवळ डोळ्यांवरून माणसाला शून्य देणे हा अन्यायच होता, आणि पुढे जे घडले त्यामुळे तो न्याय ठरत नाही.

पुढे घडले ते असे. झूमवर प्राध्यापिका अगदी सौम्यपणे बोलल्या. म्हणाल्या, तुम्ही वाचले नाही असे तुम्ही म्हणता ते मी मानते. आता भाषण बाजूला ठेवा आणि हा विषय तुम्ही का निवडलात, एवढेच मला दोन मिनिटांत सांगा. प्रश्न इतका साधा होता. मी तोंड उघडले आणि माझ्या पाठ भाषणाचे पहिले वाक्य बाहेर आले. मी थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच वाक्य. बोलणाऱ्याला आपली धडधड सगळ्यांना दिसते आहे असे वाटते पण समोरच्यांना ती फारशी जाणवत नाही, हे सॅव्हिट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये दाखवून दिल्याचे आम्ही त्याच महिन्यात शिकलो होतो, आणि मी ते मनातल्या मनात घोकू लागले. पण धडधड लपली तरी मौन लपत नाही. झूमवर स्वतःचा चेहरा स्वतःलाच दिसत राहतो. माझा चेहरा मला दिसत होता. तोंड किंचित उघडे, नजर सवयीने टिकलीवर. सुमारे चाळीस सेकंद मी काहीच बोलले नाही. शेवटी "आय ॲम सॉरी" म्हणाले, आणि त्या "ठीक आहे, पुन्हा चित्रित करून पाठवा" म्हणाल्या.

मला उत्तर माहीत नव्हते असे नाही. उत्तर माहीत होते म्हणूनच मी गप्प झाले होते. किल्लारीचा भूकंप झाला, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आदल्या रात्रीपर्यंत विसर्जनाच्या मिरवणुका चालल्या होत्या, आणि फलटणला मला तर जागही आली नव्हती. त्या हिवाळ्यात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला 'किल्लारी : एक आकांत' हा विषय मी घेतला. भाषण वडिलांनी लिहिले. ढिगाऱ्याखालून आईला हाक मारणाऱ्या बाळाचे एक वाक्य त्यात होते; ते म्हणताना उजवा हात पुढे करून बोटे हळूहळू मिटायची आणि मग तीन अंक मोजेपर्यंत थांबायचे. तालमीच्या वेळी वडील टेबलावर बोटाने ते तीन अंक वाजवत. माझ्या त्या तीन अंकांत परीक्षकांपैकी एक बाई डोळे पुसताना मला दिसल्या, आणि मला खरोखर जो आनंद झाला तो काम फत्ते झाल्याचा होता. सुमारे आठ हजार माणसे मेली होती. त्यांतील एकाही गावचे एकही माणूस मला ठाऊक नव्हते. पहिला क्रमांक आला. बक्षीस मिळालेल्या स्टीलच्या डब्यात आई अजून हरभऱ्याची डाळ ठेवते. भूकंप हा विषय मी का निवडला, तर या विषयावर मी पूर्वी जिंकले होते म्हणून. हे झूमवर इंग्रजीत कसे सांगायचे होते?

तेव्हापासून माझे त्या तेरा वर्षांच्या मुलीशी भांडण चालू आहे. तू कधी कोणाशी बोललीच नाहीस, तू फक्त भाषण म्हणत होतीस, असे मी तिला सुनावते. ती गप्प बसत नाही. ती म्हणते, पाठांतर नसते तर तू त्या स्टेजवर चढलीच नसतीस, आणि आजही गणेशोत्सवात तीनशे माणसांपुढे पाय थरथरत नाहीत ते कोणाच्या जिवावर? वडिलांनी ऐकलेले प्राचार्य कागदाविना बोलत ते पाठांतर नव्हते, त्यामागे आयुष्यभराचे वाचन होते, आणि आम्ही त्यातला फक्त कागद नसणे एवढाच भाग उचलला, असे मी म्हणून पाहते. त्यावर ती म्हणते, तेराव्या वर्षी आयुष्यभराचे वाचन कोठून आणायचे असते? यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

दुसऱ्यांदा चित्रीकरण केले तेव्हा टिकली काढून टाकली होती आणि हातात पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा शब्द होते. पहिली दोन मिनिटे अत्यंत वाईट गेली. 'ॲक्च्युअली' हा शब्द मी किती वेळा म्हटला ते नंतर मोजले, अकरा वेळा. कोठे पाहावे हे कळेना म्हणून मी सासूबाईंकडे पाहून बोलू लागले. पाण्याचा मुद्दा आला, मी चार बोटे दाखवून घरातली माणसे मोजली, गॅलनचा हिशेब मांडला, आणि सासूबाईंनी सरळ मध्येच विचारले, "म्हणजे किती लिटर गं?" कॅमेरा चालू होता. मी त्यांना मराठीत सांगितले की पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे आपले तीन-चार हंडे, आणि ते जिन्याखाली ठेवायचे. त्या म्हणाल्या, "मग ठेव की." कापायला परवानगी नव्हती, म्हणून ते तसेच पाठवले. वेळ ओलांडल्याबद्दल आणि मधल्या वीस सेकंदांबद्दल गुण गेले; एकूण विषयात 'बी' मिळाला.

यात ऑनलाइनचा वाटा किती, हे मला ठरवता येत नाही. वर्गात असते तर टिकली नसती, शंका नसती, आणि पाठ भाषणावर कदाचित 'ए' घेऊन मी सुखाने बाहेर पडले असते. किंवा पहिल्याच भाषणात समोरची तीस मुले कंटाळलेली दिसली असती आणि हे सगळे दोन महिने आधीच कळले असते. स्वतःचे चित्रण पाचपाच वेळा पाहण्याची सक्ती वर्गात झाली नसती, हे मात्र खरे. मी आजवर इतक्या जणांना भाषण ऐकवले पण स्वतः कधी ऐकले नव्हते. शेवटच्या आठवड्यात तीच चोवीस विधानांची प्रश्नावली पुन्हा भरली, तेव्हा माझे गुण 46 वरून 63 वर गेले. आकड्यांच्या हिशेबाने, या अभ्यासक्रमाने माझी भीती वाढवली. मुलाला हा कोर्स ऑनलाइन घेऊ द्यावा का, असे विचारणाऱ्यांना मी हा आकडा सांगते, आणि तो ऐकून ते गोंधळले तर त्यांना दोष देत नाही. मीही गोंधळलेलीच आहे.

सासूबाई कराडला परत गेल्या त्याला आता बरेच दिवस झाले. साठवलेले पाणी दर सहा महिन्यांनी बदलायचे असते, हेही त्या भाषणात होते, ते त्यांनी नवऱ्याकडून समजून घेतले असावे. फोनवर इतर चौकशा झाल्या की त्या विचारतात, "ते जिन्याखालचं पाणी बदललंस का?" मागच्या रविवारीही विचारले. बदलले नव्हते.