८५४वं अक्षर

काल रात्री जेवणं झाल्यावर ॲस्पार्टोॲसायलेज एन्झाइमच्या जीनचा सीक्वेन्स, म्हणजे त्याच्या डीएनएच्या अक्षरांची ओळ, उघडून बसलो होतो, एएसपीए म्हणतात त्या जीनला, आणि एटीजी या सुरुवातीच्या तीन अक्षरांपासून स्क्रीनवर बोट ठेवून मोजत मोजत पार २८५व्या अमिनो ॲसिडपर्यंत गेलो. तीन अक्षरांमागे एक अमिनो ॲसिड, म्हणजे एन्झाइमच्या साखळीतला एक मणी, म्हणून २८५ त्रिक ८५५, म्हणजे त्या तिघांतलं मधलं अक्षर ८५४वं. तिथे ए असतो. त्याच्या जागी सी आला की ग्लुटामिक ॲसिड जाऊन ॲलानिन बसतं आणि एन्झाइमचं काम जवळपास ठप्प. आईबाप दोघांकडूनही बिघडलेली कॉपी आली तर त्या बाळाला कॅनव्हान रोग होतो.

बाळ जन्मतं तेव्हा छान दिसतं हो. काही महिन्यांनी घरच्यांच्या लक्षात येतं की हे अजून मान धरत नाहीये, डोकं मात्र मोठं होतंय. आपल्या मेंदूत एनएए नावाचं रसायन भरपूर असतं, ते फोडायचं काम या एन्झाइमचं, त्यातून सुटणारं ॲसिटेट मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण, बनवायला लागतं. एन्झाइमच नाही म्हटल्यावर एनएए साचत जातं, लघवीत उतरतं आणि मेंदूचा पांढरा भाग स्पंजसारखा होत जातो.

मर्टेल कॅनव्हान यांनी १९३१ साली अशा एका मुलाच्या मेंदूचं वर्णन केलं होतं, पण दोष या एन्झाइमचा आहे हे रूबेन मॅटलॉन यांच्या टीमने दाखवलं ते १९८८ मध्ये. मग १९९३ साली राजिंदर कौल, मॅटलॉन आणि सहकाऱ्यांनी मायामीत जीन क्लोन केला. तेव्हा मानवी जीनोम तयार नव्हता, आज मी दोन मिनिटांत उघडतो ते तेव्हा हाताने शोधावं लागायचं, आधी गुरांच्या मेंदूतून एन्झाइम शुद्ध करायचं, त्याच्या तुकड्यांचा क्रम वाचायचा, आणि त्यावरून माणसाचा सीडीएनए, म्हणजे जीनच्या आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत, हुडकायचा. तो मिळाला १,४३५ अक्षरांचा, ई. कोलाय या जिवाणूमध्ये घालून एन्झाइम बनतं हेही त्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी जीनचा पत्ता लागला: १७व्या गुणसूत्राच्या छोट्या बाहूचं टोक, २९ हजार अक्षरांचा पसारा, सहा एक्झॉन, म्हणजे एन्झाइमची कृती ज्यात लिहिलेली असते ते तुकडे. मला हे काम फार मोठं वाटतं.

पण एका गोष्टीचा राग येतो. या शोधासाठी आजारी मुलांच्या आईबापांनी रक्त दिलं, लघवीचे नमुने दिले, मूल गेल्यावर त्याच्या शरीरातला टिश्यू दिला, वर पैसेही उभे केले, का तर टेस्ट निघावी आणि पुढच्या घरात हे होऊ नये. १९९७ मध्ये जीनवर पेटंट निघालं आणि टेस्टवर रॉयल्टी लागली. कुटुंबं कोर्टात गेली. २००३ मध्ये कोर्टाने त्यांचे बहुतेक मुद्दे फेटाळले, फक्त त्यांच्या देण्यावर दुसऱ्याने गैरवाजवी फायदा कमावला हा मुद्दा चालू ठेवला, नंतर तडजोड झाली. माझ्या मते त्या आईबापांना पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

१९९३ च्या पेपरात लिहिलंय की तपासलेल्या ३४ कॉप्यांपैकी ८५ टक्क्यांत ८५४व्या जागी सी होता. प्रत्येक पेशंटच्या दोन कॉप्या, म्हणजे हिशोबाने १७ मुलं.