अंदाज कुणासाठी असतो?

परवा दिंडोरीला मामांच्या द्राक्षबागेत गेलो होतो, ऑक्टोबर छाटणी होऊन बाग फुलोऱ्यात आलेली आणि आभाळ भरून आलेलं, मामा मोबाईल पुढे करून म्हणाले "बघ रे, जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलका पाऊस, आता यावरून मी फवारणी करू का नको?" मला उत्तर देता येईना. पाऊस किती यापेक्षा पानं किती वेळ ओली राहणार हे त्यांना हवं असतं, कारण डाऊनी हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग त्यावरच येतो आणि फुलोऱ्यात आला तर घडच जातो.

म्हणजे माहिती नाही असं नाहीये. हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, २०१९ पासून हवामान आणि शेतीसल्ल्याचं मेघदूत ॲप आहे, तेही मराठीत. २००९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत हवामान सेवांची जागतिक चौकट ठरली, तिच्या पाच खांबांपैकी एक खांब वापरणाऱ्यांशी संवादाचाच आहे. पण आमच्या मामांना आजवर कुणी विचारलं नाही की तुम्हाला नेमकं काय पाहिजे, आणि मामींना तर नाहीच, खरं तर मजूर कधी बोलवायचे ते त्याच ठरवतात.