रावळगाव नावाचं गाव असतं

एकोणीस वर्षांची होईपर्यंत मला रावळगाव हे गाव आहे हे माहीतच नव्हतं. खरंच सांगते. मावशीबरोबर मालेगावच्या स्टँडवर सटाण्याच्या गाडीची वाट बघत उभी होते, समोर एक लाल डबा येऊन लागला आणि वर पाटी 'रावळगाव'. मी ओरडलेच, अगं मावशी, गोळीच्या नावाची एसटी! आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. मावशी म्हणाली, "मग गोळीचं नाव काय आभाळातनं पडलं होय?"

आता माझं तरी काय चुकलं, आमच्या घरात रावळगाव म्हणजे गोळीच. तशी आपल्याकडे कागदात गुंडाळलेली कुठलीही गोड वस्तू म्हणजे 'चॉकलेट', त्यात कोको असो नसो. संत्र्याच्या फोडीसारखी दिसते ती लिमलेटची गोळी आणि बाकी जे गोल, कडक, चघळायचं ते रावळगाव. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की हातात दोन गोळ्या पडायच्या, घाटात एसटी वळणं घ्यायला लागली की आई पर्समधनं एक काढून द्यायची (उलटी थांबायची नाही, पण तोंड बंद राहायचं), आणि चाराण्यात काय काय येतं याचा आमचा सगळा हिशोब गोळ्यांतच चालायचा.

तर हे रावळगाव नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं. तिथे साखर कारखाना काढला वालचंद हिराचंद यांनी, १९३३ साली. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने देशी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला होता, बाहेरच्या साखरेवर जबर कर बसला आणि देशभर भराभर कारखाने उभे राहिले, त्यातलाच हा एक. हा माणूस म्हणजे एक अजबच प्रकरण आहे. सोलापूरचा जन्म, १८८२ चा. भोर घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांची कामं घेतली, १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचं जहाज मुंबईहून इंग्लंडला पाठवलं, १९४० ला बंगलोरला विमानांचा कारखाना काढला, १९४४ ला मोटारींचा, म्हणजे मुंबईची काळीपिवळी पद्मिनी ज्या प्रीमियरने बनवली ती कंपनी. आणि या सगळ्याच्या मधेच, १९४२ मध्ये, रावळगावला गोळ्या! जहाज, विमान, मोटार आणि गोळी. मला विचाराल तर यातली गोळीच सगळ्यात लांब पोचली, कारण विमानात बसायला मला तिशी उजाडली पण गोळी दुसरी-तिसरीपासूनच खिशात होती.

चवी बऱ्याच होत्या. मँगो मूड, कॉफी ब्रेक, चेरी, टुटीफ्रुटी. पण राणी एकच, पान पसंद. त्यामागचं कारण माझ्या मते साधं आहे. आमच्या लहानपणी पोरांना पान खायला बंदी होती, पान खाल्लं की जीभ जड होते आणि पाढे पाठ होत नाहीत असं आजीचं ठाम मत. लग्नात पंगत उठली की मोठी माणसं विडे चघळत बसायची आणि आपण नुसतं बघायचं. पान पसंद म्हणजे त्या कायद्यातली पळवाट! तीच गुलकंद-बडीशेपेची चव, तोच घशाला गारवा, आणि विचारलं तर सांगायचं, पान कुठे, गोळी आहे. त्यात टीव्हीवरची ती 'शादी? और तुमसे?' वाली जाहिरात, ती तर आमच्या गल्लीत पोरंपोरी एकमेकांना म्हणून दाखवायची आणि मार खायची.

चोखताना गोळी मधेच पातळ होते आणि तिची कड ब्लेडसारखी लागते, टाळू सोलून निघतो, तरी थुंकवत नाही. ही काचच असते खरं तर, साखरेची. हे मला कळलं मागच्या मे महिन्यात, भाचरांना घेऊन घरी गोळ्या करायचा घाट घातला तेव्हा. पाक काय आपल्याला नवीन नाही, एकतारी गुलाबजामला, गोळीबंद लाडवाला, पण गोळीला त्याच्याही पुढे जावं लागतं, साधारण १५० डिग्रीपर्यंत, म्हणजे वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकला की तो टिचकन मोडला पाहिजे. ते जमलं. पण मी शहाणीने लिंबू सुरुवातीलाच पिळलं, आंबट पाहिजे ना म्हणून. संध्याकाळपर्यंत गोळ्यांना घाम फुटला आणि रात्री ताटात एकच अखंड गोळी, उलथन्याने खरवडली! आंबटात साखर उकळत ठेवली की ती फुटते आणि मग हवेतलं पाणी ओढत बसते. कारखान्यात आंबट, रंग, वास हे सगळं पाक उतरवल्यावर घालतात, कणकेसारखा मळतात, मग त्याची दोरी ओढून गरम असतानाच साच्यात तोडतात आणि गार झाल्याबरोबर कागदात. खडे होऊ नयेत म्हणून थोडं लिक्विड ग्लुकोज असतं आणि पाक शक्यतो व्हॅक्यूममध्ये आटवतात, तिथे पाणी कमी उष्णतेवर उडतं म्हणून साखर करपत नाही. आमची करपलीही होती, पण ते सोडा.

गोळीचा खरा जीव होता सुट्ट्या पैशात. वाण्याकडे आठाणे सुटे नसले की गोळी. आई कटकट करत घ्यायची आणि त्या सगळ्या बरणीत टाकायची, मग हळदीकुंकवाला बायकांबरोबर आलेल्या पोरांच्या हातावर त्याच पडायच्या, म्हणजे वाण्याची चिल्लर आमच्या घरनं पूर्ण वाड्यात फिरायची. पुढे ३० जून २०११ ला चाराणे कायमचे गेले. आठाणे कागदोपत्री आहेत पण देऊन बघा कुणाला. आणि यूपीआय आल्यावर तर ४७ चे ४७ च जातात, सुट्ट्याचा प्रश्नच मिटला. ज्या कंपनीच्या गोळ्या आठाण्याच्या, तिने करायचं काय? साखर, वीज, मजुरी सगळं महागणार पण गोळी काही साठ पैशाला विकता येत नाही, वाढवायची तर एकदम रुपया, म्हणजे दुप्पट.

शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावने नावं आणि गोळ्यांच्या कृती रिलायन्सला विकल्या, २७ कोटीला. दक्षिण मुंबईत समुद्र दिसणारा एक बरासा फ्लॅट येतो एवढ्यात. बातमीतली मला चटका लावून गेलेली गोष्ट ही की जमीन, इमारती, मशिनरी जुन्या कंपनीकडेच राहिली, गेलं ते नाव. म्हणजे गाव तिथेच आणि गावाचं नाव बाहेरगावी. मला आधी राग आला, मग वाटलं कुणीतरी निदान बनवेल तरी, नाहीतर कपाटात कुलपात पडली असती ती कृती.

गेल्या महिन्यात पान पसंदचं पाकीट हाती लागलं ते घेऊन मावशीकडे गेले. ती आता ऐंशीची आहे. मी पाकीट पुढे केलं, म्हटलं बघ, गोळीच्या नावाची एसटी आठवते का? तिने काही न बोलता कवळी काढली, वाटीत ठेवली, गोळी तोंडात टाकली, आणि हाताने खूण केली की आता दहा मिनिटं काही विचारू नकोस.