टेक्सास गोठलं तेव्हा

30 जानेवारी 2019 ला मिनिआपोलिसमध्ये पहाटेचं तापमान उणे 33 सेल्सिअस होतं. पोस्टाने त्या दिवशी मिनेसोटात टपाल वाटलं नाही, शाळा बंद होत्या, आणि आम्ही घरात साध्या सुती कपड्यांत बसून कांदेपोहे खात होतो. दोन वर्षांनी, फेब्रुवारी 2021 मध्ये, ऑस्टिनमध्ये पारा उणे 14 च्या आसपास उतरला. मिनेसोटाच्या लोकांना विचाराल तर हा नेहमीचाच हिवाळा. पण त्या थंडीत टेक्सासमध्ये, सरकारी मोजणीनुसार, 246 माणसं गेली.

या दोन्ही थंड्या मी त्या त्या गावात राहून पाहिल्या. भारतातल्या बातम्यांत बर्फात अडकलेल्या गाड्या दिसतात, 'निसर्गाचा कोप' असं म्हटलं जातं आणि विषय संपतो. मला मात्र वाटतं की निसर्गाचा वाटा इथे लहान होता. माणसांनी आधी काय करून ठेवलं होतं आणि काय टाळलं होतं, याचा वाटा मोठा.

मिनेसोटापासून सुरुवात करते, कारण तिथली तयारी डोळ्यांना दिसत नाही. मिनिआपोलिसमध्ये रस्त्याखालच्या पाण्याच्या मोठ्या पाइपलाइन साधारण आठ फूट खोल पुरलेल्या असतात, कारण जमीनही वरून कित्येक फूट गोठते. पाणी घरात येतं ते तळघरातून. बाहेरच्या भिंतीतून नळ न्यायचं सहसा टाळतात. घर तापवायला गॅसची भट्टी असते आणि हिवाळ्याआधी तिची तपासणी करून घेणं हे आपल्याकडे पावसाळ्याआधी कौलं शाकारण्याइतकं सवयीचं असतं. गाडीच्या इंजिनाला एक छोटा हीटर बसवलेला असतो, त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबत असते. रात्री ती खांबावरच्या प्लगमध्ये खोचायची, म्हणजे सकाळी इंजिनातलं तेल घट्ट होत नाही. आम्ही पहिल्यांदा त्या वायरी पाहिल्या तेव्हा या गाड्या विजेवर चालतात असंच वाटलं होतं.

बर्फ जास्त पडला की महापालिका 'स्नो इमर्जन्सी' जाहीर करते. पहिल्या रात्री मुख्य रस्त्यांवर कुठल्याच बाजूला गाडी लावायची नाही. दुसऱ्या दिवशी गल्ल्यांमध्ये सम क्रमांकाच्या घरांची बाजू मोकळी ठेवायची, तिसऱ्या दिवशी विषम. नाही ठेवली तर गाडी उचलून नेतात, कुणाचीही गय नाही. शेजारीपाजारी एकमेकांची दारं ठोठावून आठवण करतात, म्हाताऱ्या माणसांच्या गाड्या हलवून देतात. कुणी याबद्दल वैतागलेलं मी पाहिलं नाही.

आणि मला सगळ्यात आवडलेला तिथला नियम म्हणजे हिवाळ्यातल्या बिलांचा. बिल थकलं आणि ग्राहकाने हप्ते बांधून घेतले, तर ऑक्टोबर ते एप्रिल या काळात घर तापवण्यासाठी लागणारी वीज किंवा गॅस कंपनीला तोडता येत नाही. थंडीत हीटर बंद पडला तर माणूस मरतो, हे त्या राज्याने कायद्यात लिहून ठेवलं आहे. ज्या सरकारला आपल्या हवेची ओळख आहे, त्याने असंच वागावं.

मिनेसोटालाही मर्यादा आहेत, हेही सांगायला हवं. 2019 च्या त्याच थंडीत काही गावांमध्ये गॅसचा पुरवठा अपुरा पडू लागला आणि लोकांना हीटर 60 फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण साडेपंधरा सेल्सिअसवर ठेवा अशी विनंती करावी लागली. लोकांनी ती ऐकली, घरात स्वेटर घातले, आणि वेळ निभावून गेली.

आता टेक्सास. इथलं सगळं उन्हाळ्यासाठी बांधलेलं आहे, आणि तेही रास्तच, कारण वर्षातले कितीतरी दिवस पारा 38 च्या वर असतो. उत्तरेकडे वीजकेंद्रांची यंत्रं इमारतीच्या आत असतात. इथे ती बरीचशी उघड्यावर असतात, उष्णता निघून जावी म्हणून. घरांना तळघर नसतं, सरळ जमिनीवर काँक्रीटचा थर आणि त्यावर घर. पाण्याचे पाइप अनेकदा छताच्या पोकळीतून, माळ्यावरून जातात. आणि निम्म्याहून जास्त घरं विजेवर तापतात. म्हणजे थंडी वाढली की विजेची मागणी एकदम उसळते.

14 फेब्रुवारीच्या रात्री नेमकं तेच झालं. राज्याच्या सगळ्या 254 काउंटींमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, हिमवादळाचा इशारा होता. मध्यरात्रीनंतर वीजकेंद्रं एकामागून एक बंद पडू लागली. पवनचक्क्यांची पाती गोठली, हे तुम्ही वाचलं असेल. पण सगळ्यात मोठी घट नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या केंद्रांची होती. विहिरींच्या तोंडाशी आणि वायू शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत पाणी गोठलं, वायू येईना. एका अणुवीजकेंद्राचं एक युनिट तर पाण्याचा दाब मोजणारी बारीकशी नळी गोठल्यामुळे बंद पडलं.

इथे ग्रीडची, म्हणजे विजेच्या जाळ्याची, वारंवारता 60 हर्ट्झ असते, आपल्याकडे 50. मागणीपेक्षा वीज कमी पडली की ती घसरते. 15 तारखेच्या पहाटे ती 59.4 च्या खाली गेली आणि चार मिनिटांहून जास्त काळ तिथेच राहिली. नऊ मिनिटं राहिली असती, तर उरलेली केंद्रं स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप तुटली असती आणि जवळजवळ सगळं राज्य अंधारात गेलं असतं, कदाचित कित्येक आठवडे. ते टाळण्यासाठी ग्रीड चालवणाऱ्या 'इर्कॉट' या संस्थेने वीज तोडायला सांगितली, आणि हा आकडा पुढे 20 हजार मेगावॅटपर्यंत गेला. महावितरणची ऐन उन्हाळ्यातली मागणी 25 हजारांच्या आसपास जाते, त्यावरून अंदाज करा. 45 लाखांहून जास्त घरं आणि दुकानं अंधारात गेली.

भारनियमन आपल्याला नवीन नाही. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असायचं, वीज कधी जाणार आणि कधी येणार हे पाठ असायचं. टेक्सासमध्येही आळीपाळीने बंद ठेवू असंच ठरलं होतं. पण रुग्णालयं, पाणीपुरवठा वगैरेंचे फीडर वगळल्यावर जे उरले ते सगळेच बंद करावे लागले, आळीपाळीला काही शिल्लकच राहिलं नाही. त्यामुळे शहरातल्या रिकाम्या कार्यालयांचे दिवे चालू, आणि काही वस्त्यांत दिवसच्या दिवस वीज नाही. त्यातच वायू पुरवणाऱ्या काही ठिकाणांची वीजही तोडली गेली, कारण ती 'अत्यावश्यक' म्हणून नोंदलेलीच नव्हती. वायू नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून वायू नाही.

आमची वीज गेली ती गेलीच. आम्ही सगळे एका खोलीत झोपायचो, दाराच्या फटींना टॉवेल लावून. गॅसची शेगडी होती म्हणून चहा, खिचडी होत होती, पण तिच्यावर घर तापवायचं नाही हे ठरवून टाकलं होतं. त्या आठवड्यात ज्यांनी गाडी गॅरेजमध्ये सुरू ठेवली किंवा कोळशाची शेगडी घरात आणली, त्यांच्यातले काही कार्बन मोनॉक्साइडने गेले. थंडीने मेलेल्यांच्या बातम्यांपेक्षा या बातम्यांनी मला जास्त हलवलं. मुलांना ऊब मिळावी म्हणून केलेली धडपड होती ती.

बाबांचा फोन लागला तेव्हा त्यांनी थेट विचारलं, "नळ थोडा चालू ठेवलायस का गं?" मी थक्क झाले. निफाडला पारा पाच-सहावर आला की द्राक्षाच्या मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने पाणी सोडतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. घरातल्या नळाचं कारण वेगळं. वाहतं पाणी लवकर गोठत नाही, आणि पाइपात बर्फ धरलाच तरी मागचा दाब नळातून निघून जातो, पाइप फुटत नाही. बाबांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. थंडीत पाणी उभं ठेवायचं नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

शेजारच्या घराचं मात्र तसं झालं नाही. ते जोडपं गावाला गेलेलं, नळ बंद. बर्फ वितळायला लागला त्या दुपारी त्यांच्या खिडकीतून आतल्या छताला फुगवटा आलेला दिसला. जिप्समची पत्रं पाण्याने जड होऊन खाली आली, त्यामागून माळ्यावरचा गुलाबी काचतंतूचा कापूस चिखलासारखा पडला, आणि वरून पाण्याची जाडसर धार. पलीकडचे एक निवृत्त प्लंबर आजोबा हातात लांब दांड्याची, टी आकाराची चावी घेऊन धावत आले. अंगणातल्या बर्फात बुटाने चाचपून त्यांनी मीटरचं लोखंडी झाकण शोधलं, गुडघे टेकून ते उपटलं, हात कोपरापर्यंत आत घातला आणि व्हॉल्व्ह फिरवला. धार थांबली. ते काही न बोलता पुढच्या गल्लीत निघाले. त्या दिवशी अनेक घरांतून त्यांना बोलावणं येत होतं.

पाइप फुटले म्हणजे शहराच्या पाण्याचा दाबही पडतो. ऑस्टिनने 17 तारखेला पाणी उकळून प्यायला सांगितलं, ह्यूस्टनमध्येही तेच. पण ज्यांच्याकडे वीजच नव्हती आणि स्वयंपाकाची शेगडी विजेची होती, त्यांनी उकळायचं कशावर? आमच्या ओळखीतल्या मराठी घरांनी दोन-तीन ठिकाणी गॅसवर पातेली चढवली आणि ज्याला लागेल त्याला भरून दिली. स्टीलच्या डब्यांतून पाणी वाटलं गेलं.

'शंभर वर्षांतून एकदा येणारी थंडी' असं तेव्हा वारंवार ऐकलं. ते पटत नाही. 1989 मध्ये अशीच थंडी आली होती आणि वीजकेंद्रं थांबली होती. फेब्रुवारी 2011 मध्ये पुन्हा तेच झालं. त्यानंतरच्या केंद्रीय अहवालात यंत्रांना ऊबदार आवरण घाला, हिवाळ्याची तयारी करा असं स्पष्ट लिहिलं होतं. ते सक्तीचं नव्हतं, त्यामुळे पुष्कळांनी केलं नाही. टेक्सासचं ग्रीड मुद्दाम राज्याच्या हद्दीत ठेवलेलं आहे, म्हणजे केंद्र सरकारचे बहुतेक नियम लागू होत नाहीत. त्याचा दुसरा परिणाम असा की संकटात शेजारच्या राज्यांकडून फारशी वीज आणता येत नाही.

याच राज्याच्या पश्चिम टोकाला एल पासो आहे. 2011 मध्ये तिथेही वीज गेली, पाण्याचे हाल झाले. नंतर तिथल्या वीज कंपनीने यंत्रणा थंडीसाठी मजबूत केली आणि उणे 23 सेल्सिअसमध्येही चालेल असं नवं केंद्र बांधलं. ते शहर पश्चिमेकडच्या राज्यांच्या ग्रीडला जोडलेलं आहे, आणि 2021 मध्ये तिथली थंडी पूर्वेपेक्षा थोडी सौम्य होती हेही खरं. तरीही काही हजार ग्राहकांचीच वीज गेली, तीही अगदी थोडा वेळ. 2011 चा धडा दोघांसमोर सारखाच होता. एका ठिकाणी त्यावर पैसे खर्च केले गेले. जी माणसं गेली त्यांच्या घरच्यांनी हे वाचलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

2021 मध्येच विधिमंडळाने वीजकेंद्रांना हिवाळ्याची तयारी बंधनकारक केली. डिसेंबर 2022 च्या थंडीत टेक्सासचं ग्रीड टिकलं, उलट टेनेसी आणि कॅरोलिनात आळीपाळीने वीज बंद करावी लागली. मग फेब्रुवारी 2023 मध्ये ऑस्टिनवर गोठणारा पाऊस पडला. इथले लाइव्ह ओक हिवाळ्यातही पानं गाळत नाहीत. प्रत्येक पानावर बर्फ चढला, रात्रभर बंदुकीसारखे आवाज करत फांद्या मोडत होत्या आणि विजेच्या तारांवर पडत होत्या. ग्रीडमध्ये वीज होती, घरांपर्यंत पोचत नव्हती. शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले.

जानेवारी 2025 मध्ये न्यू ऑर्लिन्सला आठ इंच बर्फ पडला. जिथे बर्फ हटवायच्या गाड्या ठेवण्याचं कधी कारणच पडलं नाही, तिथे महामार्ग सरळ बंद ठेवले आणि लोकांना घरी राहायला सांगितलं. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटला. 2014 मध्ये अटलांटात जेमतेम दोन-अडीच इंच बर्फाने सगळी कार्यालयं आणि शाळा एकाच वेळी सुटल्या होत्या, रस्ते तुंबले होते, आणि कित्येक मुलांना रात्र शाळेतच काढावी लागली होती. साधनं नसतील तर निदान वेळेवर थांबता यायला हवं.

तुमची मुलं किंवा भाचेमंडळी टेक्सासकडे असतील, तर डिसेंबर लागायच्या आत त्यांना फोनवर हे विचारा: घराचा मुख्य पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो फिरवायची चावी घरात आहे का? बाहेरच्या नळांना टोप्या घातल्या का? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, आणि त्यात सेल आहेत का? पिण्याच्या पाण्याचे कॅन भरून ठेवलेत का? गावाला जाणार असतील तर पाणी बंद करून, पाइप रिकामे करून जातील का? त्यांना वाटेल आईबाबा उगाच काळजी करतात. तरी विचारा, आणि चावी नसेल तर त्याच आठवड्यात आणायला लावा. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते.