आधी कीर्द, मग खतावणी

वयाच्या 38व्या वर्षी 10 पैकी 3 मार्क पडले, हे घरी सांगायचं कुणाला? सातवीतल्या लेकाला कळलं तर त्याचा अभ्यास घ्यायची माझी सोयच उरणार नाही.

नोकरी सांभाळून एमटेक करतेय. दर शनिवारी सकाळी तीन तास 'अॅडव्हान्स्ड डेटाबेस सिस्टिम्स'. 12 वर्षं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, लिहून पोट भरलंय, म्हटलं हा पेपर तर घरचाच. पुस्तकही ओळखीचं, सिल्बरशात्झ-कोर्थ-सुदर्शन, ते मुखपृष्ठावर शिडाच्या होड्या असलेलं. त्यातले सुदर्शन आपल्या पवईच्या आयआयटीतले. बीईला आम्ही ते नॉर्मलायझेशनपर्यंत रेटायचो, मागची पानं तशीच करकरीत राहायची. हा कोर्स नेमका त्या करकरीत पानांवर सुरू होतो.

मिडसेमचा प्रश्न सरळ होता: ट्रान्झॅक्शन (झाले तर सगळे, नाहीतर एकही नाही असे बदल) अर्धवट असताना पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर कोसळलं, तर परत उठताना ते काय काय करतं? मी एरीज ओतून मोकळी झाले. एरीज म्हणजे कोसळलेला डेटाबेस सावरायची पद्धत, आयबीएमच्या सी. मोहन आणि चार सहकाऱ्यांच्या 1992च्या 69 पानी पेपरातली. (मोहन मद्रास आयआयटीचे, तेही केमिकल इंजिनिअरिंगचे. डेटाबेसवाले येतात कुठून कुठून!) त्यात तीन फेऱ्या असतात. पहिलीत कोसळताना काय चालू होतं ते शोधायचं, दुसरीत लॉगमधलं, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतलं, सगळं पुन्हा घडवायचं, तिसरीत अर्धवट राहिलेलं उलटवायचं.

हे सगळं मला पाठ होतं. समजलं मात्र अण्णांशी फोनवर बोलताना.

अण्णा सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीवर दिवाणजी होते. सहज म्हणून त्यांना सांगत होते, की डेटा त्याच्या पानावर लगेच लिहीत नाहीत, आधी लॉगमध्ये नोंद करतात आणि पान नंतर सवडीने डिस्कवर जातं. ते म्हणाले, "मग त्यात नवीन काय? आधी रोजकीर्द, मग खतावणी. हमाली, तोलाई, शेतकऱ्याची उचल, घडेल तसं कीर्दीत. खातेवार रात्री मांडायचं."

मी विचारलं, खतावणी करताना मध्येच उठावं लागलं तर कुठवर झालंय ते कसं कळायचं?

"कीर्दीचा पान नंबर खात्यात टाकायचा ना शेजारी."

मी गप्प. एरीजमध्ये प्रत्येक नोंदीला एक चढता नंबर असतो आणि प्रत्येक पानावर त्याला लागलेल्या शेवटच्या नोंदीचा नंबर. दुसऱ्या फेरीत दोन्ही ताडून बघायचे. पानावरचा नंबर तेवढाच किंवा मोठा असेल तर नोंद आधीच लागलीय, पुढे चला. हेच मी स्लाइडवरून तीनदा वहीत उतरवलं होतं. आणि चुकीचं काही लिहिलं गेलं तर? "कीर्दीत खोडायचं नसतं गं. उलटी नोंद करायची." एरीजही उलटवताना जुनं पुसत नाही, उलटवल्याचीही नोंद लॉगमध्ये करतं. म्हणजे उलटवता उलटवता पुन्हा वीज गेली, तरी तेच काम दोनदा होत नाही.

एवढं येत असून 3च मार्क का? कारण पोस्टग्रेसमध्ये तिसरी फेरीच नाही. ते जुनी ओळ बदलत नाही, नवी आवृत्ती शेजारी लिहितं. फसलेल्या ट्रान्झॅक्शनच्या ओळी पानावर पडून राहतात, फक्त इतर कुणी त्यांना मोजत नाही. मॅडमनी लाल पेनने एवढंच लिहिलं होतं, "प्रश्नात पोस्टग्रेस आहे." बरोबरच आहे.

त्या रागात घरचा जुना डेस्कटॉप काढला. एफसिंक बंद केलं, म्हणजे नोंद खरंच डिस्कवर उतरली का याची वाट बघायची नाही. डेटा भरभर भरायला लागला, मजा वाटली. भरतानाच किल मायनस नाईन मारलं, म्हणजे चालू प्रोग्राम तडकाफडकी संपवायची कमांड. पोस्टग्रेस पुन्हा सुरू केलं तर नीट बंद झालं नव्हतं म्हणून कुरकुरलं आणि आपलं आपण सावरलं. असं कसं? मग लक्षात आलं, मी प्रोसेस मारली होती, खालचं लिनक्स (ऑपरेटिंग सिस्टिम) जिवंत होतं. नोंदी त्याच्या मेमरीत शाबूत होत्या.

दुसऱ्यांदा भिंतीवरचा प्लगच उपटला. या वेळी शेवटी ही ओळ आली: 'पॅनिक: कुड नॉट लोकेट अ व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड.' लॉग कुठून वाचायला घ्यायचा, तेच त्याला सापडेना. डेटा खोटाच होता, तरी पोटात गोळा आला. कारण ऑफिसात एकदा मोठा डेटा भरायचा होता तेव्हा, "रात्रीपुरतं एफसिंक बंद ठेवू," असं सुचवणारी मीच होते. कुणीतरी नाही म्हणालं म्हणून वाचलो.

अण्णांना हेही सांगितलं. ते म्हणाले, "शाई वाळायच्या आत पान मिटलंस. टीपकागद कशाला असतो?" मग थोडं थांबून, "पण ते तुझं दुसरं, न खोडणारं आणि उलटी नोंदही न करणारं. त्याच्या चोपडीत रद्दी साठत असेल की. ती कोण काढतं?"

व्हॅक्यूम, अण्णा. पुढच्या शनिवारी तेच आहे, आणि त्यावरची असाइनमेंट मी अजून उघडलेलीसुद्धा नाही.