ग्रीकांचा काळोख एकच नव्हे

ग्रीक महाकवी होमर मराठीत आणताना हात आपसूक 'अंधार' या एकाच शब्दाकडे जातो. मूळ ग्रीकमध्ये मात्र निदान पाच शब्द आहेत, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

पहिला स्कोतोस. 'इलियड'मध्ये योद्धा पडला की 'स्कोतोसने त्याचे डोळे झाकले' हे ठरीव वाक्य येतं. अर्थ सरळ मरण. 'डोळ्यांपुढे अंधारी आली' हे जवळचं वाटतं खरं, पण नागपूरच्या मे महिन्यात अंधारी आलेला माणूस पन्हं पिऊन उठून बसतो. होमरचा उठत नाही. आपल्या अंधारीसाठी ग्रीकांकडे वेगळा शब्द होता: स्कोतोदिनिआ, म्हणजे स्कोतोस अधिक भोवरा. आजच्या ग्रीकमध्ये 'स्कोतोनो' म्हणजे ठार मारणं, आणि नजरेतल्या न दिसणाऱ्या डागाला डोळ्यांचे डॉक्टर 'स्कोटोमा' म्हणतात, तोही याच घरातला. पण 'ओडिसी'च्या 19व्या सर्गात चुलीपाशी बसलेला काव्यनायक ओडिसियस, दाईने पायावरचा व्रण ओळखू नये म्हणून, पटकन स्कोतोसकडे तोंड फिरवतो. तिथे मृत्यूचं प्रतीक शोधायला गेलात की फसलात. तो साधा काळोख आहे.

झोफोस ही मावळतीकडची धूसर दिशा. जगाची वाटणी झाली तेव्हा मेलेल्यांचा देव हेडीस याच्या वाट्याला हाच आला. आख्लुस म्हणजे डोळ्यांवरचं धुकं, आणि ते काढता येतं. देवी अथेना योद्धा दिओमेदेसच्या डोळ्यांवरून ते दूर करते, तेव्हा कुठे त्याला रणांगणात देव कोण, माणूस कोण हे कळतं.

एरेबोस हे ठिकाण आहे. ओडिसियस खड्ड्यात मेंढ्यांचं रक्त सोडतो, तेव्हा मेलेले तिथून वर येतात. संस्कृतातला रजस् हा त्याचा सख्खा भाऊ. आपल्याला त्यात धूळ किंवा रजोगुण तेवढा दिसतो, वेदात तो अंतराळही आहे. आपल्या तमसचं भावंड शोधायचं तर लॅटिनमध्ये जावं लागतं, तेनेब्राय या शब्दाकडे.

आणि न्युक्स, रात्र. हिच्याबाबत आपली गफलत ठरलेली. तान्ह्या पोळ्याला काळी मारबत हा पुतळा 'इडा पिडा घेऊन जा' म्हणत मिरवत नेऊन जाळणाऱ्या गावाला काळं म्हणजे हाकलायचं, असं वाटणारच. प्राचीन ग्रीक कवी हेसिओदचा देवांचा वंशवृक्ष वेगळं सांगतो: खाओसपासून (आदिम पोकळी) एरेबोस आणि न्युक्स झाले, आणि त्या दोघांच्या पोटी ऐथेर (वरचं लखलखीत आकाश) आणि हेमेरा (दिवस). उजेड काळोखाचं लेकरू. न्युक्सच्या पोरांत मृत्यू, झोप, भांडण हेही आहेत, त्यामुळे ती भाबडी नाही. पण दुष्ट म्हणावं तर देवांचा राजा खुद्द झ्यूस तिला दुखवायला कचरतो. 'नक्त' व्रतातला नक्त तिचाच नातलग.

कोशात हे शब्द शोधताना दोन ठिकाणी अडतं. 'न्युक्तोस' हे षष्ठीचं रूप आहे, ते न्युक्सखाली सापडतं. आणि स्कोतोस होमरकडे पुल्लिंगी, बायबलच्या नव्या करारात नपुंसकलिंगी. हे माहीत नसलं की विशेषण चुकीच्या नामाला जोडलं जातं. उच्चारात मात्र मराठी जीभ नशीबवान. झोफोसचा फ प्राचीन काळी आपल्या 'फळ'सारखा, ओठ मिटून. आख्लुसचा ख 'खळ'सारखा. इंग्रजीतून शिकलेल्यांचे हेच वर्ण घसरतात. अडचण न्युक्समधल्या स्वराची: ओठ 'उ'सारखे गोल ठेवून 'इ' म्हणायचं.

भाषांतराची खरी परीक्षा ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या 'आयास' नाटकात होते. अपमानित योद्धा आयास मरणाला हाक मारतो: हे स्कोतोस, माझ्या उजेडा, हे एरेबोस, माझ्यासाठी सर्वांत झळझळीत. दोन्हीकडे 'अंधार' लिहिला तर ओळ पांगळी होते. पुढचाच शब्द वाट दाखवतो. आयास म्हणतो, मला रहिवासी करून घ्या. रहिवासी व्हायला जागा लागते. म्हणून पहिल्याला 'काळोखा' आणि दुसऱ्याला 'पाताळा' म्हणावं.