दत्तक घ्यायचंय? आधी वयाची बेरीज करा

दत्तकाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "स्टँपपेपरवर दत्तकपत्र करून टाकलं तर चालेल ना?" कधी चालतं, कधी तुरुंगात नेतं. मूल कुठून येतंय, त्यावर सगळं आहे.

नात्यातलं मूल असेल तर १९५६चा हिंदू दत्तक कायदा अजून उपयोगी पडतो, पण फक्त हिंदू, बौद्ध, जैन आणि शिखांना. जन्मदात्यांनी मूल प्रत्यक्ष द्यायचं आणि तुम्ही घ्यायचं, हे घडलंच पाहिजे. दत्तहोम हा धार्मिक विधी नाही केला तरी चालतो. दत्तकपत्र हा घडल्या गोष्टीचा पुरावा. ते नोंदणीकृत असेल तर न्यायालय दत्तक झालं असं गृहीत धरून पुढे जातं. घोळ होतो तो एका अटीत. घरात मुलगा किंवा मुलाचा मुलगा हयात असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलीचंही तसंच. लोक हौसेने पुतण्याचं दत्तकपत्र करतात आणि वीस वर्षांनी सातबाऱ्यावर वारस लावताना ते रद्दबातल ठरतं. (मूल १५ वर्षांच्या आतलं असावं अशी अट आहे, पण जुन्या मुंबई इलाख्यात लग्न झालेल्या माणसालाही दत्तक घ्यायची प्रथा होती आणि न्यायालयांनी ती मानलेली आहे.) घरात आधीच मुलगा किंवा मुलगी असल्याची अट आड येत असेल तर बाल न्याय कायद्यातला नातेवाईक दत्तकाचा रस्ता आहे. त्यात नातेवाईक म्हणजे मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलतभावाचं मूल त्यात बसत नाही.

"दवाखान्यात एक बाळ आहे, आई सोडून जाणार आहे" असा निरोप आला तर मात्र थांबा. सोडून दिलेलं, अनाथ किंवा आईने सोपवलेलं मूल परस्पर घेणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. पैसे दिले असतील तर कलम ८१, म्हणजे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. अशी मुलं बाल कल्याण समितीकडे जातात. आईने मूल सोपवलं तरी तिला फेरविचाराला ६० दिवस असतात. त्यानंतरच ते दत्तकासाठी मोकळं होतं.

या मुलांसाठी एकच दार, 'कारा'चं म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचं पोर्टल. तिथे पहिली चाळणी वयाची. जोडप्याच्या दोघांच्या वयांची बेरीज दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ८५, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि त्यापुढे ११० पेक्षा जास्त चालत नाही. एकट्या पालकाला हेच आकडे ४०, ४५, ५०, ५५. म्हणजे नवरा ४४ आणि बायको ४० असेल तर आज तान्हं बाळ मागता येतं. वर्षभर विचार करत बसलात तर बेरीज ८६. उलट बाजूही आहे: मूल आणि प्रत्येक पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. बायको २७ची असेल तर तीन वर्षांचं मूल मिळणार नाही. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी, कुणालाही घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. आधीच दोन मुलं असतील तर विशेष गरजा असलेल्या किंवा सहज घर न मिळणाऱ्या मुलांचाच विचार होतो.

नोंदणीनंतर ३० दिवसांत कागद चढवायचे: पॅन, जन्मतारखेचा पुरावा, रहिवास, उत्पन्न, विवाह नोंदणी, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. अर्ज अडकतो तो नावांत. बाईंचं पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, विवाह दाखल्यावर तिसरंच. हे आधी सारखं करून घ्या, कारण ज्येष्ठता यादीत नंबर नोंदणीवर लागतो आणि तान्ह्या बाळासाठी तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं.

मग समाजसेविका घरी येते. ती फ्लॅटचं क्षेत्रफळ मोजायला येत नाही. मूल कुठे झोपेल, दिवसा कोण बघेल, सासूबाईंना काय वाटतं, मुलाला दत्तक आहेस हे केव्हा सांगणार, हे ती विचारते. "सांगायचंच नाही" हे उत्तर तुमची तयारी झालेली नाही, असं दाखवतं. तिचा अहवाल तीन वर्षं चालतो.

प्रस्ताव आला की मूल राखून ठेवायला फक्त ४८ तास मिळतात. फोटोपेक्षा वैद्यकीय अहवाल वाचा: वजन, उंची, डोक्याचा घेर, एचआयव्ही आणि कावीळ-बी चाचण्या. एखादा आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका. आधीच्या नोंदींशी ताडून वाढ चालू आहे का ते पाहा, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर तसं धरून. बालरोगतज्ज्ञ आधीच बोलून ठेवलेला बरा. पैसे ठरलेल्या शुल्काइतकेच, तेही पावतीवर. मूल सांभाळणाऱ्या दत्तक संस्थेने वर देणगी मागायची नाही.

होकारानंतर संस्थेची समिती भेटते आणि मूल आधी तात्पुरत्या संगोपनात घरी येतं. अंतिम आदेश सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी होते.

आदेश हातात आला की आनंदात फाइल बंद करू नका. मुलाचं नाव, जन्मतारीख, तुमची आडनावं अक्षर न् अक्षर वाचा. जन्मदाखला यावरूनच निघतो, आणि आधार-पासपोर्ट त्या दाखल्यावरून. एक वेलांटी चुकली असेल तर ती आदेशातच दुरुस्त करून घ्या, दाखला निघायच्या आधी.